तयार जाळीचं खुराडं: कोकणातल्या परड्यासाठी घ्यावं का, आणि घेतलंच तर काय बदलून घ्यावं

चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. कुठल्याही बाजारपेठेत फॅब्रिकेशनवाल्याच्या दुकानासमोर हल्ली चार बाय तीन फुटांचं लोखंडी खुराडं उभं दिसतं. अँगलची चौकट, चारी बाजूंनी जाळी, वर पत्रा, एका बाजूला अंडी काढायची खिडकी, खाली चार चाकं. ऑनलाइन मागवायच्या घडीच्या पिंजऱ्याचीही जवळपास हीच रचना असते. या परीक्षणात त्याचाच विचार केला आहे: गावठी, गिरिराज किंवा वनराज अशा दहाबारा कोंबड्या परड्यात पाळणाऱ्याला हे खुराडं रात्री कितपत राखतं?

आमचं मत आधीच सांगतो. चौकट पैसे वसूल करणारी असते, जाळी नसते. ही खुराडी कोंबडीला आत ठेवण्यासाठी बनवलेली असतात. मुंगूस, उदमांजर, रानमांजर, कोल्हा, कुत्रा, घूस आणि सर्प यांना बाहेर ठेवणं हे वेगळं काम आहे आणि त्याचा विचार बनवणाऱ्याने क्वचितच केलेला असतो. म्हणून घ्यायचंच असेल तर जाळी, तळ आणि कडी या तीन गोष्टी बदलून घ्या. तसं करायला दुकानदार तयार नसेल तर चिऱ्याचं खुराडं बांधणं बरं. त्याचंही माप शेवटी दिलं आहे.

जाळीपासून सुरुवात करू, कारण निम्मं नुकसान तिथेच होतं. तयार खुराड्याला बहुधा तीनपैकी एक जाळी असते. पहिली षटकोनी, तीच गिलाव्याला वापरतात आणि दुकानात तिला मुर्गा जाळी म्हणतात. नाव कोंबडीचं असलं तरी रात्रीच्या खुराड्याला ती अजिबात लावू नये. तार २२ ते २४ गेजची (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार पातळ), नुसती पिळलेली. भटका कुत्रा दातात धरून ओढतो आणि एक पीळ सुटला की पुढचे सुटत जातात. घूस ती कुरतडते. दुसरी एक इंच चौकोनाची वेल्डेड जाळी. ती १४ किंवा १६ गेजची असेल तर कुत्रा आणि कोल्हा यांना पुरून उरते, मोठं मुंगूसही आत येत नाही. पण एक इंचातून उंदीर येतो, लहान सर्प येतो, आणि उदमांजराचा किंवा रानमांजराचा पंजा आत जातो. जाळीला टेकून झोपलेली कोंबडी पंजाने ओढून मान तोडलेली सापडते, धड आतच पडलेलं असतं, ते याच जाळीमुळे. तिसरी दोन इंच चौकोनाची. ती पाहिली की पुढे बोलूच नका, मुंगसाचं पिल्लू तिच्यातून सहज जातं आणि कोंबडीची पिल्लं बाहेर येतात.

हवी ती अर्धा इंच बाय अर्धा इंच, १८ गेजची वेल्डेड जाळी. दुकानात गेज विचारलं तर उत्तर १८ असंच मिळतं, रोल २० किंवा २२ गेजचा निघतो. डोळ्यांना फरक कळत नाही, काट्याला कळतो. ३ फूट रुंद आणि ५० फूट लांब रोल १८ गेजचा असेल तर त्याचं वजन साधारण २० किलो भरतं. २० गेजचा ११ ते १२ किलो, २२ गेजचा ७ किलोच्या आसपास. रोल काट्यावर ठेवून घ्या, म्हणजे वाद उरत नाही. सुटी जाळी फुटावर घेत असाल तर तारेची जाडी मोजा: १८ गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या जवळपास, २२ गेज म्हणजे पाऊण मिलिमीटरहूनही कमी.

जस्ताचा मुलामा कधी चढवला हेही बघा. आधी वेल्डिंग आणि मग जस्त अशी जाळी असेल तर तारा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे जस्त साचून सांधा भरल्यासारखा दिसतो. आधी जस्त आणि मग वेल्डिंग असेल तर प्रत्येक सांध्यावर काळसर किंवा तपकिरी ठिपका असतो, तिथलं जस्त जळून गेलेलं असतं. देशावर ही दुसरी जाळी चालून जाते. समुद्रावरून खारा वारा येणाऱ्या गावात, गुहागर, मालवण, वेंगुर्ले या पट्ट्यात, गंज नेमका त्या ठिपक्यांपासून सुरू होतो आणि सांधे एकेक करून सुटतात. पहिली जाळी महाग असते. तरीही तीच घ्यावी.

जाळी बसवायची चौकटीच्या बाहेरून. तयार खुराड्यात ती बहुतेक वेळा आतून टाक्यांनी जोडलेली असते, बाहेरून दिसायला नीटस दिसावी म्हणून. कुत्र्याने अंग टाकलं की आतून लावलेली जाळी चौकटीपासून सुटते, बाहेरून लावलेली उलट चौकटीवर दाबली जाते. कडेला अर्धा इंचाची लोखंडी पट्टी ठेवून तिच्यातून दर सहा इंचांवर स्क्रू मारा. बांधकामाच्या काळ्या तारेने बांधलेली जाळी एका पावसाळ्यात सुटते. बांधायचीच असेल तर जीआय, म्हणजे जस्त चढवलेली, तार वापरा.

आता तळ. या खुराड्यांचा हा सर्वांत कच्चा भाग. काहींना प्लायचा तळ असतो. तो जुलैच्या आत फुगतो आणि कोपऱ्यातून घूस वाट काढते. काहींना जाळीचाच तळ असतो, विष्ठा खाली पडून जागा स्वच्छ राहावी म्हणून. कोंबडीला त्या तारेवर चोवीस तास उभं ठेवलं तर तळपायाला गळू होतं, आणि चाकांमुळे खाली राहिलेल्या सहा इंचांच्या पोकळीत शिरून उदमांजर खालून पाय ओढतं. काहींना तळच नसतो, खुराडं थेट मातीवर ठेवायचं. तिथे कोल्हा आणि कुत्रा उकरून आत येतात, घूस तर येतेच.

उपाय दोन. जागा कायमची असेल तर अडीच-तीन इंचांचा कोबा घाला, मध्ये ती मुर्गा जाळी अंथरा (इथे ती योग्य कामाला येते), आणि चौकट कोब्यात बोल्टने धरा. बाहेरच्या बाजूला जरा उतार ठेवा. कोब्यावर दोन-तीन इंच तूस किंवा लाकडाचा भुसा पसरायचा. जागा बदलती ठेवायची असेल, किंवा खाली कातळ असल्यामुळे खणता येत नसेल, तर झालर लावायची. ३ फुटी रोलाचा तुकडा काटकोनात वाकवायचा, एक फूट खुराड्याच्या भिंतीवर चढवायचा आणि दोन फूट बाहेर जमिनीवर आडवा पसरायचा. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी बुडाशी उकरायला लागतं. पंज्याखाली जाळी लागली की दोन फूट मागे सरून पुन्हा सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. झालरीची बाहेरची कड चिरे ठेवून दाबा, मध्ये जीआय तारेचे आकडे ठोका. जूनमध्ये गवत जाळीतून वर आलं की ती जमिनीला घट्ट बसते.

चार बाय तीनच्या खुराड्याला झालरीसाठी कोपऱ्यांसकट २२ ते २४ फूट तुकडा लागतो. लांब बाजूंचे तुकडे दोन्हीकडे दोन दोन फूट जास्त कापायचे, म्हणजे कोपरा उघडा राहत नाही. चार फूट उंचीच्या भिंतीतला खालचा एक फूट झालरीनेच झाकला जातो. वरच्या तीन फुटांसाठी आणखी १४ फूट. म्हणजे ५० फुटी एका रोलात सगळं बसून बारा-चौदा फूट उरतात. ते पत्र्याखालच्या फटींना लागणारच आहेत.

कडीकडे कोणी बघत नाही. तयार खुराड्याला अर्ध्या वळशाची चिटकणी किंवा तारेचा आकडा असतो. दरवाजा वरच्या आणि खालच्या कोपऱ्यात बोटाने ओढून पाहा. एकच कडी मध्यावर असेल तर खालचा कोपरा इंच-दीड इंच उघडतो, आणि जनावर नाक घालून जोर लावतं तेही तिथेच. दोन टॉवर बोल्ट हवेत, एक वर आणि एक खाली, शिवाय कोयंड्यात अडकवायला स्प्रिंगचा हूक. माकडं साधी कडी उघडतात, स्प्रिंगचा हूक त्यांना सहसा उघडता येत नाही. अंड्यांच्या खिडकीलाही हाच नियम. ती नुसती वरून खाली पडणारी झडप असेल तर घोरपडीला आणि मुंगसाला ती उचलता येते. बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेर दिसत असतील तर त्यांच्या जागी आरपार बोल्ट घालून आतून नट लावून घ्या.

छप्पर कोकणातल्या पावसाला पुरेल असं क्वचितच असतं. पत्रा चौकटीबाहेर तीन-चार इंच आलेला असतो, हवा दीड फूट. नैर्ऋत्येकडून पाऊस आडवा येतो, म्हणून दरवाजा पूर्वेला किंवा ईशान्येला ठेवा. वाऱ्याच्या बाजूला पावसाळ्यापुरती झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधा, पण भिंत पूर्ण बंद करू नका. आतली विष्ठा ओली राहिली आणि हवा कोंडली की अमोनियाने डोळे चुरचुरतात. तुमचे चुरचुरले तर कोंबड्यांचे रात्रभर चुरचुरत असणार, आणि मग सर्दी-खोकला लागतो. वरच्या सहा-आठ इंचांत दोन्ही बाजूंनी हवा खेळली पाहिजे. पाऊस उघडला की झापं काढून टाका, नाहीतर उंदीर त्यात घर करतात.

नालीदार पत्रा चौकटीवर बसतो तिथे प्रत्येक नालीखाली पाऊण इंचाची पोकळी राहते. बाजारात पाहिलेल्या खुराड्यांत ही पोकळी बंद केलेली जवळपास कधीच नसते. उंदीर आणि सर्प यांचा हाच राजमार्ग. उरलेल्या जाळीच्या पट्ट्या कापून त्यात दाबा किंवा चिऱ्याच्या भिंतीवर असेल तर सिमेंटने भरा.

गंजाबद्दल एवढंच पाहा: वेल्डिंगच्या प्रत्येक टाक्याजवळ जस्त जळलेलं असतं आणि दुकानदाराने त्यावर चंदेरी रंग फासलेला असतो. तो रंग जस्ताचं काम करत नाही. टाके तारेच्या ब्रशने घासून जस्तयुक्त प्रायमर लावायला सांगा, मगच ऑइलपेंट. नव्या जस्ताच्या जाळीवर थेट ऑइलपेंट लावला तर तो पापुद्र्यांनी सुटतो, त्याला आधी एच प्रायमर (जस्तावर रंग धरून ठेवणारा पहिला थर) लागतो. खालचे सहा इंच सर्वांत आधी जातात, खारा वारा आणि विष्ठा दोन्ही तिथे काम करतात. दर मे महिन्यात तेवढा भाग तरी नखाने टोचून तपासा.

किती कोंबड्या मावतात याबद्दल विक्रेते सरसकट फुगवून सांगतात. चार बाय तीनच्या खुराड्यात वीस कोंबड्या राहतात असं सांगितलं जातं. बारा चौरस फुटांत सहा राहतात, फार तर आठ. दाटी झाली की काही कोंबड्या जाळीला टेकून झोपतात, आणि पंज्याचा धोका वर सांगितलाच आहे. बसायचा दांडा जमिनीपासून दोन फूट उंच, दोन इंच रुंद, कडा गोल केलेला, आणि प्रत्येक जाळीपासून किमान एक फूट आत असावा. एका कोंबडीला आठ ते दहा इंच दांडा लागतो.

ऑनलाइनचा घडीचा पिंजरा रात्रीसाठी घेऊ नका. तार पातळ, दोन बाजू जोडणारे आकडे हाताने वाकतात, आणि वरचा रंग चकचकीत असला तरी कापलेल्या टोकांवर नसतो. खुडूक कोंबडी वेगळी ठेवायला, आजारी पक्षी घरात ठेवायला, पिल्लं दिवसा अंगणात डोळ्यांसमोर सोडायला तो उत्तम. तेवढ्याच कामासाठी बांबूचं डालगं स्वस्त पडतं आणि त्यात हवा चांगली खेळते.

खुराड्याबरोबर दिवसाच्या वावरासाठी जाळीचं अंगणही विकलं जातं, कोंबडीमागे आठ-दहा चौरस फूट जागा धरून. ते घेताना हे डोक्यात पक्कं असू द्या की कुंपण दिवसासाठी आणि खुराडं रात्रीसाठी. पाच-सहा फूट उंच चेनलिंक (तारा एकमेकींत गुंफलेलं जाळीचं कुंपण) कुत्र्याला अडवतं, पण उदमांजर त्यावरून चढून येतं आणि दोन इंचांच्या भोकांतून मुंगसाची पिल्लं येतात. चेनलिंकच्या खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची जाळी आणि बाहेर झालर लावली तर दिवसाचं काम चोख होतं. वरचा एक फूट ताणून न बांधता बाहेरच्या बाजूला सैल झुकता सोडा, चढणाऱ्याला पकड मिळत नाही. हिरवी शेडनेट सावली आणि आडोसा देते, अडवत काही नाही.

शिक्रा, घार आणि कावळे पिल्लं उचलतात, त्यासाठी वरून मासेमारीची जुनी नायलॉन जाळी ताणणं हा किनाऱ्यावरचा सर्वांत स्वस्त आणि चांगला उपाय. दोन इंचांपर्यंतचं भोक चालतं. पण ती जाळी जमिनीपर्यंत सोडू नका. धामण, नाग, अजगर तिच्यात अडकतात, सुटायला धडपडताना तार कातडीत रुतते, आणि सकाळी दाणे टाकायला गेलेल्या माणसाला जखमी सर्पाला सामोरं जावं लागतं. वरची जाळी फूटभर आत संपवा. माडाखाली हे अंगण करू नका, नारळ आणि झावळ एकदाच पडली तरी जाळी फाटते आणि पत्रा चेपतो. फणसाची किंवा आंब्याची फांदी छपरावर आलेली असेल तर छाटा, उदमांजराची ती वाट आहे. गडग्यापासून (दगड रचून केलेल्या कुंपणापासून) आणि रचलेल्या लाकडांपासून खुराडं सहा-आठ फूट दूर ठेवा, मुंगूस आणि सर्प त्या फटींतच राहतात.

सौर कुंपण काहीजण कोंबड्यांसाठीही सुचवतात. जमिनीपासून सहा इंच आणि एक फूट अशा दोन तारा कोल्ह्या-कुत्र्याला नक्की परतवतात. मात्र पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो, दर आठवड्याला गवत कापावं लागतं. एप्रिल-मेमध्ये कातळ इतका कोरडा असतो की अर्थिंगच्या सळीजवळ पाणी ओतल्याशिवाय झटका बसत नाही. ही देखभाल जमणार नसेल तर ते पैसे जाळीत घाला. घरातल्या विजेची तार कुंपणाला जोडणं जिवावर बेततं आणि बेकायदाही आहे, ते कुणीही करू नये.

उजेडावर चालणारा आपोआप बंद होणारा दरवाजाही आता मिळतो. जून-जुलैत दुपारी चारला अंधारून आलं की तो बंद होतो आणि बाहेर राहिलेल्या कोंबड्या झाडावर चढतात. घड्याळावर चालणारा घ्या, बॅटरीचा घ्या, आणि दरवाजा खाली टेकतो त्या खाचेत तूस अडकून फट राहत नाही ना ते रोज बघा. आणि तो लावला म्हणून संध्याकाळी मोजदाद करायचं सोडू नका.

बिबट्याचा वावर असलेल्या गावात यातली कोणतीही जाळी एकटी पुरेशी नाही. खुराडं घराच्या भिंतीला लागून, दिवा पोहोचेल अशा जागी ठेवायचं आणि मेलेली कोंबडी, आतडी-पिसं परड्यात टाकायची नाहीत, पुरायची. विष घालणं आणि फासकी लावणं हे उपाय नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली बिबट्या, अजगर, घोरपड पहिल्या अनुसूचीत आहेत, मुंगूस, कोल्हा, उदमांजर, रानमांजर यांनाही संरक्षण आहे. अजगर कोंबडी गिळून फुगल्यामुळे आला त्या भोकातून परत जाऊ शकत नाही आणि सकाळी खुराड्यातच वेटोळं घालून सापडतो. दार लावून घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

आता चिऱ्याचं खुराडं. बारा कोंबड्यांसाठी सहा बाय चार फूट. खाली कोबा, त्यावर चिऱ्याचे दोन थर सिमेंटमध्ये, म्हणजे सव्वा-दीड फूट भक्कम बूड, झालरीची गरज नाही. त्यावर चौकोनी पाइपाची चौकट आणि चारी बाजूंनी ३ फूट उंचीची जाळी. घेर २० फूट, म्हणजे ५० फुटी रोलातले २० फूट लागतात, उरलेल्यात शेजारच्या दुसऱ्या खुराड्याचं काम होतं. समोरची भिंत उंच आणि मागची फूटभर कमी ठेवून पाणी मागे काढा. आतून-बाहेरून चिऱ्याला गिलावा करा, कारण उघड्या चिऱ्याच्या भोकांत गोचीड लपतात आणि धुऊन निघत नाहीत. चार-पाच कोंबड्यांमागे फूटभर लांबी-रुंदी-उंचीचं एक अंड्यांचं खोकं, दांड्यापेक्षा खालच्या पातळीवर, नाहीतर कोंबड्या त्यातच झोपतात. फॅब्रिकेशनवाला बहुधा किलोवर भाव लावतो, तेव्हा चौकट त्याच्याकडून घ्या, जाळी स्वतः काट्यावर तोलून आणून द्या, आणि बिलावर जाळीचं गेज, भोकाचं माप आणि कड्यांची संख्या लिहून घ्या.